डफरिनवरची पेटी कोणत्या संग्रहालयाची?

खाडीकाठ (सीवूड्स, नवी मुंबई)

नमस्कार. माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांची खोली आवरताना माळ्यावरून एक काळी पत्र्याची पेटी खाली काढली. झाकणावर पांढऱ्या रंगाने घातलेला त्यांचा कॅडेट क्रमांक अजूनही वाचता येतो. १९५० च्या दशकात ते मुंबई बंदरातल्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर शिकले आणि पुढे निवृत्तीपर्यंत मालवाहू जहाजांवर अधिकारी म्हणून राहिले. पेटीत लाकडी खोक्यातला सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याचे उपकरण), कागदात गुंडाळलेली पितळी बटणे, बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, शिट्टी, तुकडीचा एक फोटो आणि निळ्या पुठ्ठ्याच्या दोन जाड वह्या निघाल्या. या वह्यांना ते जर्नल म्हणत.

पहिल्या जर्नलमध्ये मुंबई हार्बरचा हाताने काढलेला नकाशा आहे. त्यात घारापुरी, बुचर बेट आणि माझगावचा धक्का दाखवला असून जागोजाग पाण्याची खोली वावांत लिहिली आहे. खाली शिक्षकांनी लाल शाईने शेरा मारला आहे. उत्तर दिशा दाखवायची राहिली म्हणून अर्धे गुण कापले गेले आहेत. वडिलांनी हा प्रसंग आम्हांला कधीच सांगितला नव्हता!

हे सगळे घरात ठेवून कसर लागण्यापेक्षा योग्य ठिकाणी द्यावे, असे मनात आहे. नौदल अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा इतिहास सांगणारे एखादे संग्रहालय आपल्याकडे आहे का? आमच्या एका नातेवाइकांचे म्हणणे असे की, 'डफरिन' ही मर्चंट नेव्हीची शाळा असल्यामुळे नौदलाच्या इतिहासात तिच्या वस्तूंना जागा नाही. हे कितपत खरे आहे? माझी मुलगी नववीत आहे आणि तिचा प्रश्न आणखी सरळ आहे: समुद्रावरचा अधिकारी घडवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त दर्यावर्दी (ठाणे पश्चिम)

आपल्या वडिलांना आदरांजली. मी नौदलात होतो, मर्चंट नेव्हीत नव्हतो, तरीही आपल्या नातेवाइकांचे म्हणणे मला पटत नाही. कारण सांगतो.

'डफरिन' हे १९०४ साली इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेले, सैन्याची ने-आण करणारे जहाज होते. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होता यावे, ही मागणी पहिल्या महायुद्धानंतर जोर धरू लागली, १९२३ मध्ये तिच्या विचारासाठी समिती नेमली गेली आणि अखेर १९२७ मध्ये हे जुने जहाज माझगावच्या धक्क्यासमोर नांगरून त्यावर शाळा सुरू झाली. उद्देश व्यापारी जहाजांसाठी अधिकारी तयार करण्याचा होता, हे खरे. परंतु त्या पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा एक कॅडेट होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो राखीव नौदलातून युद्धनौकांवर आला आणि एप्रिल १९५८ मध्ये भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. तेव्हा नौदलप्रमुखाच्या शिक्षणाचा पहिला धडा कुठे गिरवला गेला, असे विचारले तर उत्तर माझगावच्या धक्क्यासमोरच मिळते. मग त्याच जहाजावरचे जर्नल या इतिहासाबाहेरचे कसे ठरेल?

ही केवळ आपल्याकडची गंमत नाही. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमाराचा धुव्वा उडवणारे जपानचे ॲडमिरल तोगो तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेले, ते टेम्स नदीवरच्या 'वूस्टर' या व्यापारी नौवहनाच्या प्रशिक्षण जहाजावर. ब्रिटिश नौदलाच्या स्वतःच्या शाळेत नव्हे. व्यापारी आणि लढाऊ या दोन वाटा पुढे वेगळ्या होतात, मुळाशी मात्र समुद्र, तारे, दोर आणि शिस्त तीच असते.

आता संग्रहालयाविषयी. या विषयाला वाहिलेले प्रसिद्ध ठिकाण इंग्लंडमध्ये डार्टमथ येथे आहे. तेथील नौदल महाविद्यालयाच्या आवारातच ब्रिटानिया संग्रहालय आहे. 'ब्रिटानिया' नावाचे जुने शिडाचे जहाज १८६३ मध्ये डार्ट नदीत आणून उभे केले गेले, त्यावर कॅडेट शिकू लागले आणि चाळीसेक वर्षांनी, १९०५ साली, टेकडीवरच्या दगडी इमारतीत शाळा हलली. जहाजावरून जमिनीवर, हा प्रवास लक्षात ठेवा, कारण तो आपल्याकडेही झाला. 'डफरिन'ची जागा १९७२ मध्ये 'राजेंद्र' या जहाजाने घेतली आणि १९९३ मध्ये शाळा कायमची जमिनीवर आली, ती कुठे, तर आपल्या करावे गावाशेजारी, टी. एस. (ट्रेनिंग शिप) चाणक्य या नावाने. सकाळी फ्लेमिंगो पाहायला ज्या पाणथळीकडे लोक गर्दी करतात, तिच्या लगतच आपल्या वडिलांच्या शाळेचा वारसा चालू आहे. आता ते भारतीय सागरी विद्यापीठाचे नवी मुंबई आवार आहे. आपण सीवूड्समध्ये राहता, म्हणजे रिक्षाने दहा मिनिटे. पहिला अर्ज तिथेच द्यावा, असे मी सुचवीन.

नौदलापुरते बोलायचे तर गोव्यात बोगमाळो येथे नौदलाच्या हवाई शाखेचे आणि विशाखापट्टणमला 'कुरसुरा' या पाणबुडीतले, अशी संग्रहालये आहेत. ती यंत्रांची आहेत, शिक्षणाची नाहीत. मुंबईत जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' २००१ ते २०१२ लोकांना पाहता येत होती. पुढे ती मोडीत निघाली. त्याविषयी लिहायला बसलो तर हा धागा भरकटेल.

दुर्गाडीचा शेजारी (कल्याण)

वरील माहिती उत्तम आहे, परंतु सुरुवात १९२७ पासून किंवा डार्टमथपासून का करावी? कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी, याच खाडीत, महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. ठाणे जिल्ह्यात असे संग्रहालय व्हायचे असेल तर त्याचे पहिले दालन दुर्गाडीचेच हवे.

होकायंत्र (नेरूळ, नवी मुंबई)

दुर्गाडीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, मात्र आरमाराचा इतिहास आणि अधिकारी-प्रशिक्षणाचा इतिहास यांत फरक करावा लागेल. मराठ्यांच्या आरमारात दर्यासारंग, दौलतखान आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्यासारखे सेनानी होऊन गेले. पण ज्ञान मिळत असे ते गलबतावर, थोरल्या तांडेलाच्या हाताखाली, बहुधा घरातूनच चालत आलेले. करावे आणि दिवाळे या गावांच्या कोळीवाड्यांत आजही मुलगा वारा आणि भरती-ओहोटी ओळखायला तसाच शिकतो. परीक्षा घेऊन, ठरलेला अभ्यासक्रम शिकवून, कागदावर सनद देऊन अधिकारी करण्याची पद्धत ही निराळी गोष्ट आहे. तिचा एक ठळक टप्पा १६७७ चा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये नौदल खात्याचे सचिव सॅम्युअल पीप्स यांनी लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा सक्तीची केली. तोपर्यंत बड्या घरचा मुलगा वशिल्याने अधिकारी होई आणि जहाज प्रत्यक्षात दुसराच कोणी चालवी. परीक्षेने वशिला संपला नाही, पण निदान उमेदवाराला दोर आणि सुकाणू यांतला फरक कळू लागला!

मी बरीच वर्षे नौवहनशास्त्र शिकवले आहे, म्हणून आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. काय शिकवायचे, हे त्या पेटीतच आहे.

सेक्स्टंट बाहेर काढा, पण सूर्याकडे रोखण्याआधी त्याच्या रंगीत काचा जागच्या जागी आहेत ना, ते तपासा. काच न लावता सूर्य पाहिला तर डोळा जाईल. उपकरणाला दोन आरसे आहेत. एक हलत्या भुजेवर आहे आणि दुसरा स्थिर, अर्धा पारदर्शक. भुजा सरकवत गेले की सूर्याचे प्रतिबिंब खाली उतरते आणि क्षितिजाच्या रेषेवर टेकते. त्या क्षणी खालच्या कमानीवर जो कोन वाचता येतो, ती सूर्याची उंची. कमान वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाची, म्हणजे ६० अंशांची असते, म्हणूनच त्याचे नाव सेक्स्टंट. तरी तिच्यावर आकडे १२० पर्यंत असतात, कारण आरसा एक अंश फिरला की परावर्तित किरण दोन अंश फिरतो. मुलीला हे कागदावर आकृती काढून करायला सांगा. भूमितीच्या तासाला जे रुक्ष वाटते ते येथे हाताला लागते.

मध्यान्हीला सूर्य सर्वांत उंच येतो. ती उंची घेतली आणि पंचांगातून त्या दिवसाची सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) घेतली की आपले अक्षांश निघतात. जुन्या काळी सगळे कॅडेट दुपारी सेक्स्टंट घेऊन रांगेत उभे राहत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई. शिक्षकाचे काम बरोबर उत्तर सांगण्याचे नव्हतेच. कोणाचा हात कापला, कोणी घाईत आकडा वाचला, कोणी शेजाऱ्याचे पाहून लिहिले, हे ओळखण्याचे होते. माझ्या मते प्रशिक्षणाच्या संग्रहालयात हीच गोष्ट दिसली पाहिजे. पदके, तलवारी आणि प्रमुखांची तैलचित्रे काचेआड मांडली की संग्रहालय झाले, असा आपल्याकडे समज आहे. पण ती तयार झालेली माणसे असतात. कच्चा मुलगा पक्का कसा झाला, हे चुकलेल्या गणितातून आणि लाल शाईतून कळते. आपल्याकडचा तो अर्धे गुण कापलेला नकाशा म्हणूनच मला सेक्स्टंटपेक्षा मोलाचा वाटतो. सेक्स्टंट बाजारात मिळतो.

खोली वावांत आहे, हे वाचून बरे वाटले. इंग्रजी फॅदमला आपल्या कोळी बांधवांचा हा शब्द चपखल बसतो. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर, सुमारे सहा फूट.

जाता जाता स्वातंत्र्योत्तर काळाविषयी एक गोष्ट, कारण ती क्वचितच सांगितली जाते. फाळणीत केवळ जहाजे वाटली गेली नाहीत, शाळाही गेल्या. तोफा चालवण्याचे शिक्षण देणारी 'हिमालय' आणि मुलांना खलाशी करणारी 'बहादूर' या संस्था कराचीत होत्या, त्या पाकिस्तानकडे राहिल्या. भारताला कोची येथे जवळजवळ नव्याने मांडणी करावी लागली. तिन्ही दलांच्या कॅडेटना एकत्र शिकवण्याचा प्रयोग १९४९ मध्ये देहरादूनला सुरू होऊन पुढे खडकवासल्याला स्थिरावला, आणि नौदलाची स्वतःची प्रबोधिनी कोची, मग गोवा असे मुक्काम करत २००९ मध्ये केरळातील एळिमला येथे कायमच्या जागी आली.

जुनी पाने (ठाणे पूर्व)

मी कागदपत्रांच्या जतनाचे काम करते, त्यामुळे इतिहासात न शिरता तातडीचे तेवढे सांगते. पेटी कोणालाही देण्याआधी या चुका होऊ देऊ नयेत.

जर्नलची पाने लॅमिनेट करू नका आणि फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नका. पाचसहा वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग तो कोणालाच काढता येत नाही. डांबराच्या गोळ्या वह्यांना टेकतील अशा ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत आपल्याकडच्या पावसाळ्यात घाम धरतो, तेव्हा वह्या तीतून काढून आम्लविरहित कागदात गुंडाळून, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात आडव्या ठेवा. सेक्स्टंटचे पितळ चकचकीत करण्याचा मोह घरात कोणाला तरी होणारच आहे. त्याला आवरा. पॉलिशने वरचा लेप जातो आणि कमानीवरच्या बारीक रेषा पुसट होतात. काळी पेटीही पुन्हा रंगवू नका, तो क्रमांक म्हणजे तिचे ओळखपत्र आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पानाचा फोटो क्रमाने काढून ठेवा. निवडक पानांचा नको. फोटोतल्या तुकडीपैकी जी नावे घरातल्या थोरांना आठवतात, ती आजच लिहून काढा, वस्तूवर नव्हे, वेगळ्या कागदावर. माझ्या अनुभवात वस्तू टिकतात, नावे जातात. मी एकदा एका संस्थेला घरातली कागदपत्रे लेखी दानपत्राविना दिली होती आणि पुढे ती कुठे ठेवली आहेत, हेदेखील मला कळू शकले नाही. म्हणून दान करताना यादी, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि वस्तू परत मागता येईल का याचा उल्लेख, एवढे कागदावर घ्याच.

तळडेक (बेलापूर, नवी मुंबई)

सगळ्यांनी छान लिहिले आहे, पण एक बाजू राहून जाते आहे. अधिकारी घडवणे म्हणजे कोणाला तरी अधिकारी होऊ न देणेही असते. डार्टमथला मुले तेराव्या वर्षी घेतली जात, पालकांना शुल्क भरावे लागे आणि मुलाखतीत मुलगा कोणत्या घरातला आहे हे पाहिले जाई. इतक्या लहान वयात भरती करण्याची ती प्रथा बदलली दुसऱ्या महायुद्धानंतर. इंजिन विभागातल्या अधिकाऱ्यांना तर कितीतरी काळ पंगतीला बसवून न घेतलेल्या पाहुण्यासारखे वागवले जाई. डेक (जहाज हाकणारे) आणि इंजिनच्या मुलांना एकत्र शिकवण्याची योजना १९०२ मध्ये आली, तेव्हा डेकवाल्यांनी केवढा गहजब केला होता.

आणि मुंबईत हा विषय निघाला की 'तलवार' विसरता येत नाही. कुलाब्याची 'तलवार' ही संदेशवहनाची प्रशिक्षण संस्था होती आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौसैनिकांचा उठाव सुरू झाला तो तिथून. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा ही तात्कालिक कारणे होती. संदेश पाठवण्याचे शिक्षण घेतलेली ही मुले असल्यामुळे बातमी इतर जहाजांवर आणि तळांवर झपाट्याने पसरली. म्हणजे ज्यांना बिनतारी यंत्र शिकवले त्यांनी ते वापरले. अधिकाऱ्याला सेक्स्टंट धरायला शिकवले, पण माणसांशी बोलायला शिकवले नाही तर काय होते, याचा हा दाखला प्रशिक्षणाच्या कोणत्याही संग्रहालयात असायला हवा, आणि तो तैलचित्रांच्या दालनाशेजारीच असावा.

निवृत्त दर्यावर्दी (ठाणे पश्चिम)

तळडेक यांच्याशी मी सहमत आहे, आणि नौदलात असल्यामुळे हे लिहिताना थोडे अवघडही वाटते. आमच्या वेळी वरिष्ठ सांगत की जवानाचे नाव, गाव आणि घरची अडचण ज्याला ठाऊक नाही त्याने पहाऱ्यावर उभे राहू नये. तो धडा १९४६ नंतरचा असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मुंबईत बांधलेल्या एका प्रशिक्षण जहाजाची आठवणही येथे नोंदवतो, कारण या धाग्यात ते असायलाच हवे. वाडिया कुटुंबातील जमशेटजी बोमनजी यांनी मुंबई गोदीत सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. लढाऊ कामातून मोकळे झाल्यावर 'फूद्रॉयां' या नावाने ते १९८६ पर्यंत इंग्लंडमध्ये मुलांना समुद्राचे शिक्षण देत राहिले, आणि आज हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून तरंगते आहे. आपल्या गोदीतले लाकूड दोनशे वर्षांनीही टिकले, आणि ज्या 'डफरिन'वर आपल्या नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख शिकला तिची आठवण माळ्यावरच्या पेट्यांतून शोधावी लागते.

खाडीकाठ (सीवूड्स, नवी मुंबई)

सर्वांचे मनापासून आभार. जुनी पाने यांनी सांगितल्याप्रमाणे वह्या पेटीतून काढल्या आहेत आणि मुलीने दोन रविवार बसून पानापानाचे फोटो काढले. सेक्स्टंटच्या एका रंगीत काचेचा टवका उडालेला निघाला, त्यामुळे सूर्याचा प्रयोग तूर्त स्थगित आहे. तिने ट्यूबलाइट आणि खिडकीची चौकट यांच्यातला कोन मोजून समाधान मानले. फोटोतल्या बावीस जणांपैकी सहा जणांची नावे आईने ओळखली.

करावे येथील आवारात विचारपूस केली. पेटी पाहायला बोलावले आहे, पण वस्तू स्वीकारण्याचा निर्णय वरिष्ठ घेतील असे सांगण्यात आले, म्हणून यादी आणि दानपत्राचा मसुदा करून नेणार आहे. एक जर्नल मात्र घरी ठेवावे, असा मुलीचा हट्ट आहे आणि कोणते ठेवायचे यावर आमचे एकमत होत नव्हते.

फोटो क्रमाने लावताना तिच्या लक्षात आलेली गोष्ट होकायंत्र यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. लाल शेऱ्याच्या त्या नकाशानंतर दोन्ही वह्यांत मिळून एकोणीस नकाशे आहेत. प्रत्येकात उत्तर दिशेचा बाण आहे, आणि तो बाकीच्या रेषांपेक्षा गडद आहे. तीन नकाशे अर्धवट सोडलेले आहेत, किनारासुद्धा पुरा काढलेला नाही, पण बाण त्यांतही आहे. आता तिचे म्हणणे असे आहे की दोन्ही वह्या एकत्रच द्यायला हव्यात, नाहीतर पाहणाऱ्याला ते कळणार नाही.